सुलभा मॅडमची मातीची शेव

लग्नाला गेल्या तरी सुलभा मॅडम आधी मांडवामागची माती चिमटीत घेऊन चोळायच्या, मग नवरीला भेटायच्या. "ही थरांची नाय, नुसती रेती हाय," म्हणत हात पदराला पुसायच्या. मुरबाडकडच्या शेतकरी घरातल्या. शहापूरला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. वर्गात पुस्तकातलं मराठी, प्रयोगशाळेत घरचं.

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर एम.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो. पण मॅडमच्या हाताखाली संशोधनाला लागलो, तेव्हा आई म्हणाली, "एवढा शिकलास नि मातीच कालवतोस का रे?"

खरंच कालवत होतो. डिझेलमध्ये गंधक असतो. तो जळला की धूर घशाला झोंबतो. तो काढणाऱ्या धातूला बसायला मोकळी जागा लागते. आमची माती वहीच्या पानांसारखी, थरावर थर असलेली. दोन थरांमध्ये बारीक टेकू द्यायचे आणि मधल्या पोकळीत धातू बसवायचा. "जागा करून दिली की कोणपण कामाला बसतो," मॅडम म्हणायच्या. "तू नाय का बसलास?"

अडचण वेगळीच होती. त्या मातीच्या बारीक कांड्या करून यंत्रात भराव्या लागतात आणि त्या दाबाखाली फुटून चालत नाही. आम्ही आधी केलेल्या सगळ्या कांड्यांचं फुटून पीठ झालं होतं. आमच्या कामाला पैसे देणाऱ्या डिझेल कंपनीचे साहेब शेवटचं बघायला येणार होते. नव्या कांड्याही फुटल्या तर काम बंद.

कांड्या पाडायचं यंत्र कॉलेजकडे नव्हतं. मॅडमनी सासूबाईंचा पितळी सोऱ्या आणला, "कॉलेजात फराळ करायचाय" असं सांगून. शेवेची चकती लावून आम्ही माती पाडली, सुकवली, भट्टीत भाजली. रंग इतका खमंग आला, की मलाच चहाची तल्लफ आली.

साहेब आले. त्यांना चहा देऊन आम्ही दोघं दाब मोजायचं जड यंत्र उचलून आणायला शेजारच्या खोलीत गेलो. तेवढ्यात सासूबाई सोऱ्या न्यायला हजर. दिवाळी तोंडावर आलेली. पाव्हण्यापुढं नुसता चहा बघून त्यांचा जीव कसनुसा झाला. टेबलावर बशीत शेव होतीच.

"घ्या हो, लाजू नका. आमच्या सुनेनं केलीय."

आम्ही दारात पोचतोय तोच 'कट्' असा आवाज आला. साहेब गाल धरून बसले होते. धातू अजून चढवला नव्हता, नुसती माती होती, म्हणून बरं. मॅडम धावल्या.

"तुटली का?"

"दात हललाय बहुतेक," साहेब म्हणाले.

"दाताचं नाय हो, शेवेचं विचारतेय!"

साहेबांनी तोंडातली कांडी काढून रुमालावर ठेवली. अख्खी! मॅडमनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. सासूबाईंनीही बशीतली एक तोंडात टाकली. "मीठ नाय गो घातलंस?"

नंतर यंत्रानंही साहेबांच्या दाताचाच निकाल कायम केला आणि आमचं काम चालू राहिलं.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी साहेब आवर्जून आले. पुढ्यात लाडू आला, तो त्यांनी आधी टेबलावर ठोकून बघितला.

"ठोका, ठोका," मॅडम म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी वळलेत. माझीपण खात्री नाय."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मॅडमच्या पाठीत धपाटा घातला. त्या हसण्यात मी लिहून आणलेलं निरोपाचं भाषण राहूनच गेलं.