म्हशीची गाठ

मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण कडा उतरायला कमरेला म्हशीची गाठ मारण्याचा मान माझ्या एकटीचाच. आज डोंगर चढायला जाणाऱ्या नातवाने अंगणात वाळत घातलेल्या दोराचा ओलसर वास आला आणि कशेळे गावापलीकडचा तो कडा आठवला. शहरातून शिबिराला आलेल्या मंडळींसाठी आम्ही दोघी जावा कड्याच्या माथ्यावर भाकऱ्या थापत होतो. त्यांच्या सरांनी धाकट्या जावेला पट्टे बांधून दोरावरून खाली उतरवलं, तर टाळ्याच टाळ्या! आमचे हेसुद्धा ओरडले, "वाघीण हाय, वाघीण!" मला त्यांनी कधी शेळीसुद्धा म्हटलं नव्हतं. सर खाली वाकून तिचं कौतुक करत होते, तेवढ्यात मी पिठाच्या हातांनीच झाडाला अडकवलेला दुसरा दोर कमरेला बांधला. म्हैस खुंट्याला बांधतो तसा, एका हिसक्यात सुटणारा. मागे झुकले आणि तो खरंच सुटला. नशीब, हातभर खाली करवंदाची जाळी होती. सरांनी मला ओढून काढलं. आता नातवाची प्रत्येक गाठ मी दोनदा ओढून बघते, तो चिडला तरी. त्या दिवशी धापा टाकत वर आलेली जाऊ माझे काटे काढता काढता हळूच म्हणाली, "अक्का, मी तरी कुठं धीराची? तुमी वरून बगत व्हता, म्हणून रडले नाय."