जहाजाची वेळ

कोऱ्हाळे बुद्रुकच्या द्वारकाला सगळे साधीभोळी म्हणायचे. नणंद राजेश्वरी तर चारचौघांत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "आमची भावजय म्हणजे गरीब गाय." गरीब गाईच्या पोटात सात वर्षं काय रवंथ चाललंय, हे बघायला कुणाला वेळ होता?

सात वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव सालच्या श्रावणात, राजेश्वरीनं वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये सत्यनारायण घातला होता. नवरा दादासाहेब तेव्हा कंपनीत नोकरीला. साहेबांच्या बायका प्रसादाला येणार म्हणून भावजयीला आदल्या दिवशीच बोलावून घेतलेलं. द्वारका पहाटेपासून चुलीशी आणि गॅसशी झुंजत होती. सकाळी फोन वाजला. पीठ मळता मळता तिनं विचारलं, "कुणाचा हुता वन्सं?"

"राँग नंबर," राजेश्वरी म्हणाली आणि शिऱ्यात साखर किती घालायची ते सांगायला लागली.

दुपारी चारला शेवटची मोटार फाटकातून गेली, तेव्हा राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात आली. चेहरा एवढासा केलेला. "द्वारके, आत्ताच फोन आला. तुझ्या आईला बरं न्हाय म्हणं."

द्वारका तेलकट हातांनीच निघाली. बारामतीला एसटी बदलून माहेरी लोणी भापकरला पोचली, तर माणसं स्मशानातून परतून दारात पाय धूत होती. भाऊ दत्तोबा तिच्यावर ओरडलाच. "सकाळीच फोन केला हुता की! दुपारपतुर आई तुझंच नाव घेत हुती. कुठं हुतीस?"

कुठं होती? पुऱ्या तळत होती. आई मेली त्या वेळी द्वारका कुणा साहेबाच्या बायकोला गरम पुरी वाढत होती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं, तर संभाजीचा या आक्कावर फार जीव. सासूला सांगावं, तर तानूबाईंची ती एकुलती लेक. मग द्वारकानं ते गिळलं. गिळलं, पण पचवलं नाही. रडून मोकळं व्हायला तिला नको होतं, देवानं बघून घ्यावं असंही तिला वाटत नव्हतं. तिला सूड हवा होता, आणि तो तिच्या स्वतःच्या हातून.

दादासाहेबांनी नोकरी सोडून संभाजीच्या भागीदारीत इंदापुरात पाइपचं दुकान टाकलं. धंदा चांगला चालला. अठ्ठ्याण्णव साली पाइप बनवणाऱ्या कंपनीनं खप वाढवणाऱ्या दुकानदारांना बायकांसकट सिंगापूरहून जहाजाची सहल जाहीर केली. त्यात हे चौघंही आले. जायच्या आधी बारामतीच्या एका हॉटेलात सगळ्यांना माहिती द्यायला बोलावलं. टाय लावलेला पुण्याचा टूर मॅनेजर फळ्यावर लिहून समजावत होता.

"जहाजावरची भाषा वेगळी असते," तो म्हणाला. "डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. बिनखिडकीची खोली म्हणजे इनसाइड. एम.डी.आर. म्हणजे मोठं जेवणघर. तिथं जेवायच्या दोन पाळ्या, त्यांना सीटिंग म्हणायचं. सी.डी. म्हणजे करमणुकीचा मुख्य माणूस. दिवसभर जमीन लागत नाही तो सी डे. ओ.बी.सी. म्हणजे जहाजावर खर्चायला मिळालेली रक्कम."

"म्हंजी तितंबी सवलत हाय म्हणा की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. संभाजी केव्हाच पेंगायला लागला होता. राजेश्वरीला मात्र हे सगळं भलतंच आवडलं. चहा यायच्या आत ती "आमाला स्टारबोर्डची खोली द्या हं" म्हणायला लागली.

द्वारकानंही ऐकलं. बैलजोडीत डावा-उजवा ठरलेला असतो, तसं तिनं पोर्ट आणि स्टारबोर्ड लक्षात ठेवलं. बाकीचं ती कानामागं टाकणार होती, तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "आणि एक शब्द मजेचा आहे. पिअर रनर. पिअर म्हणजे धक्का. बंदरावर फिरायला गेलेला प्रवासी उशीर करतो, जहाजाची शिडी काढून घेतात, आणि तो पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत सुटतो. तो पिअर रनर. वरचे लोक डेकवर उभे राहून टाळ्या वाजवतात."

द्वारकानं हात वर केला. सगळ्या हॉलात तिनं विचारलेला हा एकच प्रश्न. "आन त्यो मागं ऱ्हायला तर?"

"तर राहिला, वहिनी. जहाज कुणासाठी थांबत नाही."

द्वारका पदर सावरून बसली. तिच्या डोळ्यांसमोर धक्का आला, आणि धक्क्यावर पळणाऱ्या बाईचं तोंडसुद्धा तिला स्पष्ट दिसलं.

जहाजावर राजेश्वरीला आभाळ ठेंगणं झालं. "आमची सेकंड सीटिंग हाय," "आज सी डे, आज अंमळ निजायचं," असं दिवसभर चाललेलं. इंदापूरच्या दुकानदारणी तिच्या मागं मागं. जेवणघरात तिनं सगळ्यांदेखत द्वारकाच्या ताटातली दोन केळी उचलून परत ठेवली. "द्वारके, इथं येवढं घ्यायचं नसतं. आपल्या गावची पंगत न्हाय ही." बायका फिदीफिदी हसल्या. द्वारकापण हसली. तिला राग आला नाही. आता तिच्याजवळ रागापेक्षा कामाची गोष्ट होती.

थायलंडातलं फुकेत बंदर लागलं त्या सकाळी न्याहारीला मॅनेजर टेबलाटेबलांवर जाऊन सांगत होता. "इथलं घड्याळ आपल्या जहाजाच्या तासभर मागं आहे. हातातली घड्याळं कुणी बदलू नका. जहाजाची वेळ पाळायची. साडेचारला ऑल अबोर्ड, म्हणजे सगळे वर. पाचला जहाज सुटणार." द्वारकाच्या टेबलाशी तो थांबला. "राजेश्वरीताई कुठं आहेत?"

"केस करायला गेल्यात पार्लरात."

"त्यांना एवढा निरोप द्याल? विसरू नका हं, वहिनी."

"न्हाय इसरायची," द्वारका म्हणाली. ते मात्र खरं होतं. निरोपाच्या बाबतीत द्वारका काहीच विसरली नव्हती.

संभाजीला जहाज लागलं होतं. त्याच्या उशाशी दादासाहेब थांबले. बायका बसनं बाजारात गेल्या. उतरल्या उतरल्या राजेश्वरीनं दुकानातल्या घड्याळाकडं पाहून हातातलं तासभर मागं केलं. "नव्या देशात उतरलं की तितली वेळ लावायची असती," ती द्वारकाला म्हणाली; बाकीच्या बायका पुढच्या दुकानात शिरल्या होत्या. सिंगापूरच्या विमानात तसं सांगितलेलं, ते तिनं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. बसवाली दुकानं तिला हलकी वाटली. तिला मोत्याच्या मोठ्या दुकानात जायचं होतं, आणि तेही एकटीनं, कारण भाव करताना खेडवळ बायकांचा घोळका तिला नको होता.

"मी टॅक्सीनं येते गं. पाचला सुटतंय न्हवं जहाज?"

आता बोलायचं होतं. चार शब्द पुरेसे होते. द्वारकाची जीभ क्षणभर वळवळलीसुद्धा. तेवढ्यात राजेश्वरी म्हणाली, "आन माझ्या पिशव्या तेवढ्या तू ने बाई. ओझं व्हायची तुला सवयच हाय."

"व्हय वन्सं," द्वारका म्हणाली. "पाचलाच."

बस भरताना मॅनेजरनं माणसं मोजली. "राजेश्वरीताई?"

"टॅक्सीनं येत्यात. त्यास्नी सगळं सांगितलंय."

जहाजाच्या घड्याळात पाच वाजले, शिडी निघाली, भोंगा झाला. द्वारका डेकवर पोर्टच्या कठड्याला, अगदी पुढं जागा धरून उभी होती. दोर सुटले आणि जहाज धक्क्यापासून हात-दोन हात सरकलं, तेवढ्यात टॅक्सी आली. राजेश्वरी उतरली. तिच्या घड्याळात अजून चारच वाजले होते. तिनं वर पाहिलं. आणि मग वालचंदनगरच्या क्वार्टरमधली ती बाई, जिनं भर सणासुदीतसुद्धा कधी पाऊल उचलून टाकलं नव्हतं, ती एका हातानं निऱ्या धरून, दुसऱ्या हातानं मोत्यांचा डबा छातीशी कवटाळून, पळत सुटली. एक चप्पल मागं राहिली. डेकवरच्या गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. द्वारकानं उन्हासाठी गळ्यात टाकलेला टॉवेल काढला आणि हात उंच करून हलवला. हलवतच राहिली, धक्का पार बारीक होईपर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशाचं होतं हे तिला नीट माहीत होतं, आणि लाज अजिबात वाटत नव्हती.

त्या संध्याकाळी दादासाहेबांच्या घशाखाली घास उतरेना. द्वारकानं सेकंड सीटिंगला पोटभर जेवून वर दोनदा आइस्क्रीम खाल्लं. जहाजवाल्यांनी राजेश्वरीचा पासपोर्ट धक्क्यावरच्या माणसाकडं ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिला विमानात बसवून दिलं, आणि जहाज सिंगापूरला लागलं तेव्हा ती बंदरावर हजर होती. सुजलेले डोळे, पायात नवी चप्पल. तिनं द्वारकाकडं एकदा पाहिलं आणि आपल्या पिशव्या मागून घेतल्या.

कोऱ्हाळ्याला परतल्यावर तानूबाई हटून बसल्या. काशीहून आलं तरी मावंदं घालतात, मग समुद्र ओलांडून आलेल्यांचं जेवण नको का घालायला? दारात मांडव पडला. पुरुषांची पंगत उठली आणि बायका मधल्या सोप्यात गोळा झाल्या. मधोमध राजेश्वरी, गळ्यात मोती. आणि द्वारका ऐकतच राहिली.

"पिअर रनर म्हणत्यात त्याला," राजेश्वरी सांगत होती. "हजारात एखाद्याला घडतं ते. सगळं जहाज माझ्यासाठी टाळ्या वाजवत हुतं! मग मला एकटीला इमानानं आणलं." बायकांच्या तोंडाचा आ मिटेना. सात वर्षं जपलेला सूड, आणि या बाईनं त्याचा दागिना करून गळ्यात घातला होता!

"आन ही माझी भावजय," राजेश्वरी रडवेल्या आवाजात म्हणाली. "कठड्याला उभी राहून रडत हुती. टावेल हलवून जहाज थांबवा म्हणून वरडत हुती. सख्खी भन करणार न्हाय असं केलं हिनं. माझ्या हातानं हिची ओटी भरायची हाय आज."

बायका हळहळल्या. तानूबाईंनी डोळे पुसले. द्वारकाला पाटावर बसवलं. खण, तांदूळ, नारळ तिच्या पदरात पडले. ओटी भरायला वाकलेली राजेश्वरी तिच्या कानाशी आली. आवाजात ओलावा आता थेंबभरही नव्हता.

"निरोप तुझ्यापाशी दिला हुता, मॅनेजरनं सांगितलं मला. मी कुणाला बोलले न्हाय, बोलणारबी न्हाय. तुझ्या आईचं आन माझ्या जहाजाचं फिटलं. आता पाया पड आन हास."

म्हणजे आपल्याला त्या फोनचं कळलंय, हे हिला ठाऊक होतं. सात वर्षं हिला सगळं ठाऊक होतं. गरीब गाय म्हणताना, केळी उचलताना, पिशव्या हातात देताना. आणि तिच्या हिशेबी एका आईची किंमत एक चुकलेलं जहाज होती.

ओटी सवाष्णीनं परत करायची नसते. सोप्यातल्या लहान पोरीलाही ते माहीत होतं. द्वारकानं पदरातला नारळ उचलला, पाटावरून उठली आणि तो राजेश्वरीच्या पदरात ठेवला. मग शेवटच्या भिंतीला टेकलेल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"मी जहाज थांबवत न्हवते, वन्सं. तुमी पळताना बघत हुते. निरोप माझ्यापाशी हुता, मीच दिला न्हाय. सत्यनारायणाच्या दिवशी तुमी माझ्या आईचा दिला न्हाय तसाच. पर फिटलं म्हणू नका. तुमाला दुसऱ्या दिवशी इमान मिळालं. माझ्या आईला दुसरा दिवस मिळाला न्हाय."

तानूबाईंनी लेकीकडं मान वळवली.

"कसला निरोप, राजे?" म्हातारीनं विचारलं. "त्या दिवशी तर तू म्हणाली हुतीस, फोन दुपारी चारला आला."

राजेश्वरी पदरातला नारळ ठेवायला जागा शोधू लागली. द्वारका पदर झाडून आत गेली. चुलीवरचं तेल अजून तापलेलं होतं. बायकांची पंगत बसायची राहिली होती. तिनं परातीतली लाटलेली पुरी उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत ठेवली. मग चुलीतली लाकडं मागं ओढून तिनं जाळ विझवला आणि मागच्या दारानं माहेरच्या, लोणी भापकरच्या रस्त्याला लागली.