आठवडाभराचा ओस्बी

एडेनथाल कॉलेजात शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत आर्लो श्राग बरीच माणसं होऊन चुकला होता. एका आठवड्यात तो डावखुरा आणि उतावळा असायचा, दुसऱ्या आठवड्यात उंच आणि आळशी. शनिवारी सामन्यात आर्लो श्राग म्हणून उतरायची वेळ मात्र त्याच्यावर एकदाही आली नव्हती.

त्याचं कामच तसं होतं. शनिवारी ज्या कॉलेजाशी गाठ पडणार, त्यांच्यासारखं खेळून दाखवणारं कुणीतरी आठवडाभर सरावाला लागतं. मग ज्यांना सामन्यात कुणी विचारत नाही अशी बाकावरची पोरं गोळा होतात आणि समोरच्याची नक्कल करतात. आमच्याकडे तिला सरळ नकली टीम म्हणतात. आर्लो या नकली टीमचा क्वार्टरबॅक होता. हा अमेरिकन फुटबॉल, हातात धरून खेळायचा: बॉल आधी त्याच्या हातात यायचा, मग तो फेकायचा की घेऊन पळायचं ते त्याने ठरवायचं. क्वार्टरबॅकला सरावात इजा होऊ नये म्हणून अंगात लाल जर्सी असते. लाल जर्सीवाल्याला आपटायचं नाही, नुसता हात लावायचा. हात लागला की शिट्टी वाजते आणि तो पकडला गेला असं धरतात.

नकलेची खोड त्याला लहानपणापासूनची. गावाबाहेरच्या शेतावर तो आजोबांजवळ वाढला. मेनो आजोबा कमी बोलणारे, देवभीरू, आणि फुटबॉल म्हणजे धडधाकट पोरांनी कामाच्या वेळेला केलेला दंगा असं ठाम मत असलेले. पाचसहा वर्षांचा आर्लो चर्चच्या पाद्रीबाबांसारखा एक खांदा पाडून अंगणात चालायला लागला, तेव्हा आजोबांनी त्याला दटावलं, "थट्टा करतोस मोठ्या माणसाची?" पोरगं कळवळून म्हणालं, "थट्टा नाही हो आजोबा! ते असे का चालतात ते बघतोय. असं चाललं की इथे दुखतं, कंबरेत. त्यांचीही कंबर दुखत असणार." पाद्रीबाबांची कंबर खरंच दुखत होती. आजोबांनी त्याला पुन्हा कधी दटावलं नाही.

यंदा नोव्हेंबरात घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला फोर्ट लॅरिमोरचा संघ यायचा होता, आणि त्यांच्याबरोबर ज्युलियन ओस्बी. या ओस्बीने गेल्या वर्षी आमच्या संघाच्या अक्षरशः नाकी नऊ आणले होते. बॉल फेकण्यात तो बेताचाच, पण पाय असे की धरला धरला म्हणेपर्यंत हातावर तुरी देऊन पसार. आमची धिप्पाड पोरं तोंडात माती घेऊन मैदानात आडवी आणि हा पलीकडे लहान मुलासारखा उड्या मारतोय, हे दृश्य गावाने इतक्यांदा पाहिलं की शेवटी बियरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले गरम पाव, विकणाऱ्या बायकांनीसुद्धा ठेल्याची फळी पाडली आणि घरी गेल्या.

बचाव सांभाळणारे कोच व्हर्लिन उनरू यांना त्या दिवसाने वर्षभर छळलं. एरवी ते कॉलेजात गणित शिकवायचे. हिशेब बरोबर आणि उत्तर चूक, हे त्यांना पचत नव्हतं. कारण गेल्या वर्षीसुद्धा सरावात त्यांच्या पोरांनी नकली ओस्बीला रोज पकडलं होतं.

सोमवारी त्यांनी आर्लोला बोलावून घेतलं. "हे बघ आर्लो, या आठवड्यात तू ओस्बी. झोपेतसुद्धा ओस्बी."

"कोच, तो असा का पळतो?"

"का पळतो म्हणजे? पकडले जाऊ नये म्हणून पळतो! कसा पळतो ते बघ, का ते राहू दे."

पण आर्लोचं घोडं नेहमी 'का'पाशीच अडायचं. त्याने ओस्बीच्या खेळाच्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. खोलीतल्या पलंगाभोवती तसा पळाला, गुडघ्याला पलंगाची कड लागून कळवळला आणि पुन्हा पळाला. ओस्बी उजवीकडे बघत उभा राहतो. माणसं अंगावर आली की दोन पावलं मागे सरकतो, आणि एकदम पाठ फिरवून डावीकडून निसटतो. बघितलेली बाजू एक, पळालेली बाजू दुसरी. इथवर कुणालाही दिसत होतं. पण मंगळवारच्या सरावात स्वतः पाठ फिरवताना आर्लोला एक गोष्ट जाणवली आणि तो मैदानाच्या मधोमध बॉल हातात घेऊन थांबलाच.

"काय रे, बंद पडलास?" बोडी पेनर ओरडला. बोडी बचावाच्या कडेला उभा राहणारा, दाराएवढा रुंद गडी. क्वार्टरबॅकला लोळवणं हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद होता आणि तो कुणापासून लपवत नसे.

"मला काही दिसलं नाही," आर्लो म्हणाला.

"मी इथे एवढा मोठा उभा आहे!"

"तेच तर. गिरकी घेताना माझी पाठ तुमच्याकडे होते ना, तेवढा वेळ मला मैदानच दिसत नाही. कोण कुठे आहे ते मी आधी पाहिलेलं असतं, त्या भरवशावर वळतो. ओस्बीचंही तसंच होत असणार! तू धावून येतोस हे त्याने बघितलेलं असतं. तू येत राहणार हे धरूनच तो वळतो. तू मधेच थांबलास तर त्याला कळणारच नाही."

कोच उनरू कान टवकारून जवळ आले. "म्हणजे बोडीने त्याला पकडायला जायचं नाही?"

"जायचं, पण त्याच्या रेषेत आलं की थांबायचं. त्याच्या पलीकडे पळायचं नाही आणि आतही घुसायचं नाही. बाकीच्यांनी समोरून हळूहळू दाबत यायचं. मागच्यांनी आपापल्या माणसामागे पाठ करून पळण्याऐवजी जागा धरून ओस्बीकडे बघत राहायचं. आणि मग तो आपणहून बोडीकडे येईल."

"मी उभा राहू? पाहुण्यांची वाट बघत?" बोडी चिडला. "माझ्या नावावर काय लागणार, उभा राहिला म्हणून?"

"तुझ्या नावावर सामना लागेल, लेका," कोच म्हणाले. "गप उभा राहा."

बुधवारी सगळं छान जमलं. निदान तसं दिसलं. बोडी थांबायचा, कंटाळायचा, दर खेपेला शेवटच्या क्षणी मोह न आवरून झेप घ्यायचा आणि त्याची बोटं लाल जर्सीला लागायची. शिट्टी. पकडला. पुन्हा शिट्टी. कोचांच्या चेहऱ्यावर वर्षभराने रंग आला.

सराव संपताना आर्लो त्यांच्याकडे गेला. "कोच, हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"आज मी एकदाही पकडला गेलो नाही. हात लागला, पण मी निसटलो असतो. ओस्बी निसटलाच असता. गेल्या वर्षी हेच झालं होतं. आपण त्याला आठवडाभर बोटांनी पकडत होतो."

उनरूंनी टोपी काढून डोकं खाजवलं. गणिताच्या माणसाला वर्षभर न सापडलेली चूक अशी समोर आली होती.

"मग काय करायचं?"

"ही जर्सी काढतो."

"वेड लागलंय का तुला? शनिवारी काय आहे, आठवतं ना?"

त्याला आठवत नसेल कसं! घरच्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाच्या पोरांची नावं पुकारतात, घरची माणसं मैदानात येऊन शेजारी उभी राहतात, आणि त्या दिवशी प्रत्येकाला एकदा तरी खेळायला उतरवतात. जमलं तर. सामना चुरशीचा झाला तर मुख्य कोच हॅथवे कुणाचीही भीड ठेवत नसत. चार वर्षं दुसऱ्यांची अंगं पांघरून आर्लो या एका शनिवारची वाट बघत होता. ज्वारीची कापणी ऐन भरात असतानाही आजोबांनी यायचं कबूल केलं होतं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. आणि आता हाडबीड मोडलं तर हा काठीवर टेकून टाळ्या वाजवणार.

"समजा, काही झालं तर?" कोचांनी विचारलं.

"झालं तर झालं," आर्लो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "कोच, मलाही बघायचंय, मी पकडला जातो का ते. चार वर्षांत मला कुणी खरं पकडलेलंच नाही."

उनरूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

गुरुवारी आर्लो पांढऱ्या जर्सीत उतरला. पहिल्या खेपेला बोडीने झेप घेतली आणि मूठभर वारा घेऊन खाली पडला. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला आर्लोने पलीकडे जाऊन, खुद्द ओस्बी मारतो तशा, लहान मुलासारख्या उड्या मारल्या. बोडीचं डोकं फिरलं. "थांब, तुझा ओस्बी करतो!" असं म्हणून तो इतका वेगाने आला की आर्लो नुसता बाजूला झाला.

"माझ्यावर चिडू नकोस रे, तो शनिवारी हेच करणार आहे!" आर्लो धापा टाकत ओरडला. "तुला थांबवत नाही का? ओस्बीला तुझी घाईच तर हवी असते!"

पुढच्या खेपेला बोडी आला आणि थांबला. दात ओठ खात, हात पसरून, नुसता उभा. आर्लोने उजवीकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकला, पाठ फिरवली, आणि वळून बघतो तोच समोर बोडी पेनर. असा आपटला की बरगड्यांचा आवाज कोचांना ऐकू गेला. सगळी पोरं धावली. आर्लो जमिनीवर पडून हसत होता, आणि हसताना दुखतं म्हणून कण्हत होता.

"असं!" तो म्हणाला. "अगदी असंच थांब."

बरगड्या मोडल्या नव्हत्या, पण चांगलाच मुका मार बसला होता. डॉक्टरांनी करकचून पट्टा बांधला. श्वास घेताना दुखत असेल तर खेळू नकोस, म्हणाले. दुखत होतंच, पण आर्लोने ते सांगितलं नाही.

शनिवारी वारा झोंबत होता. नाव पुकारल्यावर मेनो आजोबा रविवारचा कोट घालून नातवाशेजारी उभे राहिले आणि लोक टाळ्या वाजवतात म्हणून ओशाळले. मग सामना सुरू झाला आणि गावाचा जीव टांगणीला लागला.

ओस्बी ओस्बीच होता. एकदोनदा तो सुटलाच आणि त्यांचे गुणही झाले. पण गेल्या वर्षीची ती मोकळी शेतं त्याला मिळेनात. उजवीकडे बघायचा, मागे सरकायचा, वळायचा, आणि वळला की कुणीतरी आधीच येऊन उभं असायचं. बोडीने दिवसभरात ओस्बीला एकदाच लोळवलं. उरलेला सगळा दिवस तो उभा होता, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते त्यालाच ठाऊक. आर्लो बाकापाशी उभा राहून ओस्बीबरोबर खांदे हलवत होता. "आता वळणार," असं पुटपुटायचा आणि ओस्बी वळायचा.

शेवटी आम्ही तेरा, ते दहा. बॉल त्यांच्याकडे आणि वेळ थोडा. ओस्बीने मागे सरकून गिरकी घेतली, समोर बोडी दिसताच घाईघाईने बॉल फेकला आणि तो कुणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला. ती त्यांची शेवटची संधी होती. बॉल आमच्याकडे आला, घड्याळात अर्धं मिनिटही नव्हतं आणि खेळ थांबवायचा हक्क त्यांनी आधीच वापरून संपवला होता. आता एकच काम उरलं होतं. बॉल हातात घ्यायचा आणि गुडघा टेकवायचा. गुडघा टेकला की डाव तिथेच संपतो, घड्याळ मात्र पळत राहतं.

हॅथवेंनी नेहमीच्या क्वार्टरबॅकला हाक मारली. उनरू मधे आले. "आर्लोला पाठवा."

"तीन गुणांची आघाडी आहे, व्हर्लिन! हातातून बॉल सुटला तर?"

"आज ओस्बीला कुणी अडवलं?"

"तुमच्या पोरांनी."

"आणि पोरांना ओस्बी दाखवला कुणी? खरा ओस्बी?"

हॅथवे घड्याळाकडे बघत, आर्लोकडे बघत, पुन्हा घड्याळाकडे बघत म्हणाले, "जा रे. आणि पळू नकोस."

आर्लो धावत निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. गुडघा टेकवून सामना संपवायचा सराव त्याने कधी केलाच नव्हता. नकली टीम कधी जिंकत नाही, तिला तशी गरजच पडत नाही. बॉल मागे देणारा जाडा गडी त्याला बघून हसला. "हात नीट धर, घे आणि बस. एवढंच रे."

बॉल हातात आला. पोटाशी धरला. क्षणभर त्याला डावीकडे मोकळं मैदान दिसलं, सताड उघडं, आणि पायांना सवयीने ओढ लागली. त्याने गुडघा टेकवला. बरगड्यांतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. भोंगा वाजला. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "बॉल आर्लो श्रागकडे. वजा दोन यार्ड." मागे बसलेल्याची धाव उणेतच धरतात. चार वर्षांत त्याच्या नावावर तेवढीच लागली. गावाने मात्र अशी आरोळी ठोकली की बियरॉकवाल्या बायका हातातलं टाकून बाहेर आल्या.

हस्तांदोलनाच्या गर्दीत ओस्बी बोडीपाशी थांबला. "तुला दर वेळी कसं कळत होतं रे?" बोडीने आर्लोकडे बोट दाखवलं. ओस्बी आर्लोला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिला.

"म्हणजे आठवडाभर तू मी होतास?"

"हो."

"वळताना तुला काय दिसायचं?"

"काहीच नाही."

"मलाही," ओस्बी म्हणाला, आणि दोघेही हसले.

कुंपणापाशी मेनो आजोबा टोपी हातात धरून उभे होते. आर्लो एका हाताने बरगड्या दाबत त्यांच्याकडे आला.

"दिवसभर सगळे धावत होते," आजोबा म्हणाले. "तू आलास आणि एकदम बसलास. वाट तर मोकळी होती."

"आपण जिंकलो होतो, आजोबा. जिंकल्यावर बसायचं असतं."

ज्वारी अजून अर्धी उभी होती आणि दिवस कलत होता, तरी आजोबांना घाई दिसत नव्हती. त्यांनी नातवाचा पडलेला खांदा पाहिला आणि आपला हात पुढे केला.

"मग छान बसलास हो," ते म्हणाले. "धर माझा हात. दुखतंय तुला."