मुहूर्ताचा एकच ढीग

मी लातूरकडच्या आडत दुकानांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दुकानातून सौद्यांची माहिती एक्सएमएल नावाच्या साच्यात निघते, पुण्याच्या कंपनीला ती जेसन नावाच्या दुसऱ्या साच्यात लागते. साचा बदलणारा प्रोग्राम कंपनीचाच, पण चालतो दुकानातल्या कॉम्प्युटरवर. पाडव्याला औशात मुहूर्ताचा सौदा झाला, सोयाबीनचा एकच ढीग. दोन ढीग असले की प्रोग्राम यादी करतो, एकट्याची करत नाही. कंपनीच्या ॲपला मात्र यादीच लागते, म्हणून त्यानं तो सौदा घेतलाच नाही.

पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "आणखी एक खोटा ढीग टाका, जाईल."

"न्हाई टाकणार. मुहूर्तालाच खोटा माल लिहायचा?" मी फोन ठेवला आणि दुकानातच बसून प्रोग्राम दुरुस्त केला. सौदा गेला.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "कुणाला विचारून बदललंत?"

मी म्हणालो, "तुम्ही खोटा ढीग कुणाला विचारून टाकायला सांगितलात?"