चेण्याच्या मातीतलं शिसं

वैशाली गेल्याचं तिच्या नवऱ्याने, संजयने, फोनवर सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... यात कुणाचा दोष नाही, कळतं मला. पण ज्यांनी तिला हसण्यावारी नेलं, तेच शोकसभेत पहिल्या रांगेत बसले होते, त्याचं काय करू?

वैशाली माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकांची तब्येत ओळखणं हे तिचं काम. पान आजारी पडलं की ऊन वेगळ्या तऱ्हेने परतवतं. आपल्याला हिरवंगार दिसणारं शेत तिला पडद्यावर डागाळलेलं दिसायचं. असाच एक डाग चेणे गावात सापडला, नाल्याकाठी, तिच्या सख्ख्या काकांच्या पालकाच्या पिकावर. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणारी एक शेड, तिचं सांडपाणी थेट नाल्यात. तिने माती आणि पालक प्रयोगशाळेत तपासून घेतला. दोन्हींत शिसं निघालं.

काका भडकले. "पाला तं हिरवागार हाय! वरशी आभालातून तुला काय दिसतंय?"

"काका, तुमची नात हाच पालक खातेय," ती एवढंच म्हणाली. काकांनी उभं पीक स्वतःच्या हातांनी उपटलं. शेजारच्यांनी मात्र तिलाच शिव्या घातल्या, जमिनीचे भाव पाडायला आली म्हणून.

रिपोर्ट घेऊन प्रदूषण खात्याच्या साहेबांकडे मी तिच्यासोबत गेले होते. "मॅडम, सॅटेलाइटमधून शिसं दिसतं का?" ते हसले.

"शिसं नाही दिसत. आजारी पान दिसतं. शिसं या रिपोर्टमध्ये आहे."

"उगाच घबराट पसरवू नका."

पुढच्या खेपेला शेडवालाच तिथे चहा पीत बसला होता!

आणि शोकसभेत हेच साहेब म्हणाले, "आपण एक कर्तबगार कन्या गमावली." मी ताडकन उठले. "तिचा रिपोर्ट वाचलात का तुम्ही?" कुणीतरी माझा हात ओढला. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "बसू नको पोरी, बोल." मग मी बोलले. सगळं बोलले. साहेब मधूनच निघून गेले. शेड आजही चालू आहे. नाल्याकाठी काकांचा तुकडा तेवढा ओसाड, बाकी सगळीकडे भाजी डोलतेय.

परवा जेसल पार्कला संजयकडे गेले. गॅलरीत वर्तमानपत्रांवर वैशालीने तपासणीसाठी वाळत घातलेली चेण्याची माती तशीच पसरलेली होती, प्रत्येक ढिगाशेजारी तिच्या अक्षरातली चिठ्ठी. संजय कपडे वाळत घालताना त्या ढिगांना वळसा घालून जातो.

"उचलत का नाहीस?" मी विचारलं.

"कुठे टाकू? कुंडीत नको, कचऱ्यात नको, नाल्यात तर नकोच..." तो म्हणाला. "मला कळतंय, कुठेच टाकता येत नाही. त्यांना कसं कळत नाही गं?"