लॅमिनेशन काढता येत नाही

“मशीन तापतंय, तोवर वाचते.”

असं म्हणून झेरॉक्सवाल्या बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि कागद नाकाजवळ धरायच्या. शनिवार पेठेत तुम्ही कधी झेरॉक्स काढली असेल, तर त्यांना पाहिलं असणारच. दाखला असो की नोकरीचं पत्र, वाचल्याशिवाय लॅमिनेशन नाही. कुणी घाई केली तर म्हणायच्या, “पुढे अजून दोन दुकानं आहेत.”

मी मंडईतला कांदे-बटाटेवाला, शिक्षण तिसरी. माझं चुकलं असं मी सहसा म्हणत नाही. नातीला हिंजवडीच्या कंपनीचं पत्र आलं, तेव्हा मी आधी गाळ्यागाळ्यावर पेढे वाटले आणि मग पत्र घेऊन बाईंकडे गेलो. गाळ्यावर टांगायचं होतं.

“मुलाखत कुठे झाली?”

“फोनवर. मेसेज लिहूनच झाली म्हणे.”

“म्हणजे तिचं तोंड कुणी पाहिलं नाही. आणि लॅपटॉपची अनामत आज पाचच्या आत भरा, असं लिहिलंय. काका, पाटीवाला हमाल कामावर ठेवताना तुम्ही त्याच्याकडून पाटीचे पैसे घेता?”

“ही कंपनी आहे बाई, मंडई नाही.”

“हो का? मग कंपनीचा मेलचा पत्ता असा फुकटातला कसा? मी नाही करणार. एकदा केलं की लॅमिनेशन काढता येत नाही.”

माझं डोकं फिरलं. पुढच्या दुकानात करून घेतलं आणि गाळ्यावर टांगलंसुद्धा. पैसे खात्यात होते. नात क्लासवरून साडेचारला आली की मोबाईलवरून भरायचे.

बाई एक ते चार झोपायच्या. एकदा नगरसेवक शटर वाजवून गेला, तरी उठल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र साडेचार वाजून गेले तरी दुकान उघडलं नाही. नात येऊन मोबाईल काढते आहे, तोच बाई घामाघूम गाळ्यापुढे उभ्या.

“भरू नकोस गं! हिंजवडीहून येतेय. कंपनी खरी आहे, पत्र खोटं. तुझं नाव त्यांच्याकडे नाही. अशी पत्रं घेऊन आणखी मुली येऊन रडून गेल्या म्हणे.”

“फोन करायचात,” मी म्हणालो.

“पत्रातला नंबर त्या चोरांचाच. कंपनीचा मी शोधून लावला, कुणी उचलेना. मग गेले बसने.”

नातीने मोबाईल पिशवीत टाकला आणि कांद्याच्या पोत्यावर बसून राहिली. पेढे खाल्लेली सगळी मंडई ऐकत होती.

“मला शंका होतीच,” मी म्हणालो.

“हो ना. म्हणून तर टांगलंत.”

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मीच बाईंकडे गेलो. नातीचं नाव चिकटपट्टीने झाकलं होतं आणि खाली मार्करने माझी सही केली होती. फसलेला कोण, ते कळायला हवं.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. “एवढं वाचायला मशीन तापवायला नको,” म्हणाल्या आणि पत्र दर्शनी काचेला आतून लावलं. ते पाहून किती जण आपापली पत्रं त्यांच्यापुढे ठेवत! बाई प्रत्येक पत्र वाचत.

दिवाळीनंतर बाई वारल्या. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. ते पत्र मी मागून आणलं, गाळ्यावर टांगलंय.

ह्या महिन्यात नातीला खरी नोकरी लागली. ती स्वतः जाऊन जागा पाहून आली, माणसांशी बोलून आली, कुणी एक पैसा मागितला नाही. पेढे मी त्यानंतर वाटले. हे नवं पत्र मात्र गल्ल्याखाली घडी करून ठेवलंय. शेजारचे विचारतात, खोटं टांगलंत, खरं का नाही?

मी सांगतो, बाईंनी वाचलेलं नाही अजून.