भिंतीच्या वाट्याचं पाणी

बजाजनगरच्या घरापुढं पत्र्याचं शेड टाकायचं ठरलं. पत्रे घराच्या भिंतीला जोडायचे आणि पुढं दोन खांब, एवढा साधा बेत. गल्लीत सगळ्यांनी न विचारताच शेड ठोकलीत, पण मला परवानगी हवी होती, तीही रीतसर. नकाशा काढायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "आधी भिंत वजन पेलते का बघू." त्यानं भिंतीला भोक पाडलं, तर आतून वाळू भुरुभुरु गळायला लागली. मी हादरलोच. याच भिंतीला उशी लावून आम्ही इतकी वर्षं झोपलो होतो!

"बांधताना हिला पाणीच मारलेलं नाही. सिमेंट धरणार कसं?" तो म्हणाला.

घर ऐन दुष्काळात बांधलं होतं. वडील कंपनीत असायचे, म्हणून भिंतींवर रोज पाणी मारायचं काम आईकडं होतं. त्यासाठी टँकर विकत घेतले होते. मी इंजिनिअरसमोरच तिच्यावर ओरडलो, "मग ते पाणी गेलं कुठं?"

"वाटून टाकलं," आई म्हणाली. "बाया हंडे घेऊन दारात उभ्या राहायच्या. भिंत कधी मागाया आली नाय."